माना टाकलेल्या टोमॅटोला पाणी घालण्याआधी

काल संध्याकाळपर्यंत टवटवीत असलेले टोमॅटोचे झाड आज दुपारी माना टाकते. पाने हिरवीच असतात, फळे लगडलेली असतात, कुठे कीड दिसत नाही की डाग दिसत नाही, आणि तरीही सगळे झाड मलूल होऊन लोंबते. शेतात असो की गच्चीवरच्या कुंडीत, अशा वेळी हात आपोआप पाण्याकडे जातो. पान सुकले म्हणजे झाडाला तहान लागली, हा तर्क इतका सरळ वाटतो की तो तपासून पाहावा असे कोणाच्या मनातही येत नाही. टोमॅटोच्या बाबतीत मात्र या घाईने पुष्कळ झाडे हकनाक जातात. हे झाड एकाएकी कोमेजण्यामागे सहा-सात निरनिराळी कारणे असू शकतात. त्यांतल्या काहींत पाणी हाच उपाय ठरतो, काहींत पाण्याने काहीच फरक पडत नाही, आणि उरलेल्यांत पाणीच झाडाचा शेवट जवळ आणते. वरून पाहिल्यास ही सगळी झाडे सारखीच दिसतात. म्हणून माझे म्हणणे असे आहे की झाडाने माना टाकल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे काहीही न घालता फक्त पाहण्यात घालवावीत. एवढ्या वेळात झाड मरत नाही, आणि घरातला चाकू, खुरपे आणि काचेचा ग्लास यांच्या जोरावर बहुतेक वेळा खरे कारण हाती लागते.

कोमेजणे म्हणजे काय, हे आधी नीट लक्षात घ्यावे लागते. पाणी वर ढकलणारा पंप झाडात नसतो. पानांवरच्या सूक्ष्म रंध्रांतून बाष्प बाहेर पडते, त्यामुळे पानातल्या पाण्यावर ताण येतो, आणि पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असल्याने तो ताण खोडातल्या केसासारख्या बारीक जलवाहिन्यांतून मुळांपर्यंत पोचतो. डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी 1894 मध्ये ही उपपत्ती मांडली आणि आजही वनस्पतिशास्त्र तीच मानते. पानातून जेवढे पाणी उडून जाते तेवढे खालून आले नाही की पेशी सैल पडतात आणि पान लोंबते. पानाला पाणी पोचत नाही, एवढीच बातमी लोंबणारे पान देते. ते मातीतच नाही, की मातीत आहे पण मुळाला घेता येत नाही, की मुळाने घेतले आणि खोडात वाटेतच अडले, हे पान सांगू शकत नाही. मातीतला दुष्काळ, मुळाचा बिघाड आणि खोडातला अडथळा या तिन्हींवरचे इलाज एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की एकाचा इलाज दुसऱ्यावर केला तर नुकसानच होते.

तपासणीची सुरुवात घड्याळाने करावी. एप्रिल-मेमधल्या दुपारी दोन वाजता निरोगी टोमॅटोही थोडा मलूल दिसतो, कारण कडक उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात पाने जेवढे पाणी उडवतात तेवढे मुळे त्या वेगाने ओढू शकत नाहीत. असे झाड सूर्य कलला की सावरते आणि सकाळी ताठ दिसते. नुकतीच लावलेली रोपेही चार-पाच दिवस दुपारी माना टाकतात, कारण रोपवाटिकेतून काढताना त्यांची तंतुमुळे तुटलेली असतात. या दोन्ही वेळी धीर धरणे आणि जमले तर दुपारची सावली करणे पुरते. सकाळी सात वाजताही झाड लोंबलेलेच असेल तर मात्र प्रकरण गंभीर आहे. मधला एक प्रकारही असतो: दुपारी कोमेजायचे, रात्री सावरायचे, आणि प्रत्येक दिवशी सावरणे थोडे कमी होत जायचे. ही सर्वांत फसवी अवस्था. आदल्या संध्याकाळी घातलेल्या पाण्यामुळे झाड सावरले असा समज होतो, मग आणखी पाणी घातले जाते, आणि आत चाललेला रोग तेवढ्या दिवसांत पुढे सरकतो.

घड्याळानंतर माती पाहायची, आणि तीही वरून नाही. बोट किंवा खुरपे चार-सहा इंच आत घालून मूठभर माती काढावी आणि दाबून पाहावी. कुंडीच्या बाबतीत फसगत दोन्ही बाजूंनी होते. कोकोपीट किंवा भरपूर सेंद्रिय खत असलेले मिश्रण एकदा पूर्ण वाळले की पाणी झिडकारू लागते. मातीचा गोळा आकसतो, कुंडीच्या कडेला फट पडते, आणि वरून ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खालच्या ताटलीत उतरते. ताटली भरलेली, वरची माती ओली, आणि मधला मुळांचा गोळा कोरडा ठणठणीत! कुंडी उचलून पाहिली तर ती हलकी लागते, यावरून हे ओळखता येते. अशी कुंडी बादलीभर पाण्यात, बुडबुडे येणे थांबेपर्यंत बुडवून ठेवली की झाड संध्याकाळपर्यंत उभे राहते. याच्या उलट, चिकण मातीत हाताला ओल लागते पण ती झाडाच्या उपयोगाची नसते. अमेरिकेत ब्रिग्ज आणि शँट्झ यांनी 1912 मध्ये दाखवले की झाड कायमचे कोमेजते त्या क्षणीही मातीत पाणी शिल्लक असते, आणि ते किती हे मातीच्या पोतावर ठरते: वाळूत अगदी कमी, चिकण मातीत बरेच जास्त. काळी माती किंचित ओली लागली म्हणून झाडाला पाणी मिळत आहेच असे म्हणता येत नाही. रासायनिक खत बुंध्याशी ढीग करून टाकले असेल तरी असेच होते. मातीतल्या पाण्यात क्षार इतके वाढतात की मुळांना ते ओढता येत नाही, पानांच्या कडा करपतात आणि मातीवर पांढरी खपली धरते. येथे मात्र भरपूर साधे पाणी घालून ते खालून निचरून जाऊ देणे हाच उपाय आहे.

आता पाणी जास्त झाल्याचा प्रकार पाहू. महाराष्ट्रात हा फार मोठा आहे आणि ओळखला सर्वांत कमी जातो. नारायणगाव, संगमनेर, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यांत खरिपाचा टोमॅटो भर पावसाळ्यात वाढतो. आठ दिवस झड लागते, ढगाळ हवेत पानांना पाणी फारसे लागत नाही, म्हणून झाडे ठीक दिसतात. मग पाऊस उघडतो, कडक ऊन पडते, आणि दुपारपर्यंत अख्खा प्लॉट माना टाकतो. जमीन चिखलाने भरलेली असताना झाड तहानेने कसे कोमेजेल, असा प्रश्न पडतो. उत्तर हवेत आहे. मुळांना पाणी ओढण्यासाठी प्राणवायू लागतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की तो मिळत नाही आणि मुळांची पाणी घेण्याची ताकदच जाते. टोमॅटोत याची एक खास खूणही असते. कोरड्या मातीतल्या झाडाचे पान लुळे पडते आणि हाताला कापडासारखे मऊ लागते, तर पाणी साचलेल्या झाडाच्या पानाचा देठ ताठ राहूनच खाली वाकतो. ब्रॅडफर्ड आणि यांग या कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी 1980 मध्ये यामागची साखळी दाखवली: गुदमरलेल्या मुळांत एक रसायन तयार होते, ते खोडातून वर जाते, हवा मिळाल्यावर त्याचे इथिलीन होते आणि इथिलीनमुळे देठाची वरची बाजू जास्त वाढून पान खाली झुकते. अशा प्लॉटात चर काढून साचलेले पाणी बाहेर काढणे, वापसा येईपर्यंत ठिबक बंद ठेवणे आणि मग वरची खपली हलक्या हाताने मोकळी करणे, एवढेच करायचे असते. मुळे कामाला लागेपर्यंत जमिनीतून खत देण्यात अर्थ नाही. कुंडीत हेच संकट खालचे भोक मुळांनी किंवा मातीने बुजल्यामुळे येते.

शेतात एक गोष्ट कुंडीपेक्षा सोपी असते: कोमेजलेली झाडे कुठे आहेत, त्याचा नकाशा समोर दिसतो. सगळा प्लॉट एकाच दिवशी सारखा झुकला तर कारण हवामानात, पाण्यात किंवा नुकत्याच दिलेल्या खतात शोधावे. फक्त सखल भागातली झाडे झुकली तर निचरा पाहावा. पण हिरव्यागार ओळीत मधेच एखादे झाड लोळावे, चार दिवसांनी त्याच्या शेजारचे, मग पाणी ज्या दिशेला वाहते त्या दिशेने पुढची, असे दिसले तर जमिनीतून पसरणारा रोग आहे असे धरून चालावे आणि त्या झाडांच्या बुंध्याशी बसावे.

बुंध्याशी बसणे हे शब्दशः घ्यायचे आहे. खोड जमिनीत शिरते त्या जागेची माती बोटांनी बाजूला केली की काही गोष्टी तिथेच उलगडतात. खोड कुरतडलेले असेल तर अळी जवळच मातीत गुंडाळी करून पडलेली सापडते. मुळांशी हुमणी किंवा वाळवीही असू शकते. बुंध्याभोवती पांढऱ्या कापसासारखी बुरशी आणि तिच्यात मोहरीच्या दाण्यांएवढे तपकिरी गोल दाणे दिसले तर निदान झाले म्हणून समजा: ही स्क्लेरोशियम बुरशी. ती खोडाची साल चहूबाजूंनी कुजवते, वरचे झाड कितीही सुदृढ असले तरी. ते दाणे हेच तिचे बी, आणि मातीत ते वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून झाड उपटताना भोवतालची ओंजळभर मातीही दाण्यांसकट पिशवीत भरून बाहेर न्यावी. झटकून तिथेच टाकली तर पुढच्या हंगामाची पेरणी आपणच करून ठेवतो. अर्धवट कुजलेली ओली काडी, न कुजलेले शेणखत आणि खोडाला टेकलेले ओले आच्छादन या बुरशीला फार मानवते.

बुंधा स्वच्छ निघाला तर चाकू घ्यायचा. कोमेजलेले एक झाड, मेलेले जुने नव्हे तर नुकतेच झुकलेले, मुळासकट उपटून खोडाचा खालचा भाग उभा चिरावा. निरोगी खोड आतून पांढरट-हिरवे असते. सालीच्या लगेच आत तपकिरी रेघा वर चढत गेलेल्या दिसल्या तर जलवाहिन्यांचा रोग आहे हे नक्की, आणि मग प्रश्न उरतो तो बुरशी की जिवाणू एवढाच. बाहेरून याचे काही संकेत मिळालेले असतात. फ्युजारियम बुरशीची मर सावकाश येते: आधी खालची पाने पिवळी पडतात, बहुतेकदा झाडाच्या एकाच बाजूची, कधी तर एकाच पानाचा अर्धा भाग पिवळा आणि अर्धा हिरवा असतो. जिवाणूची मर पिवळे पडायलाही सवड देत नाही. वरची कोवळी पाने आधी झुकतात आणि काही दिवसांत झाड हिरवेच्या हिरवे वाळते. पण संकेतांवर विसंबू नये, कारण ग्लासची साधी परीक्षा यापेक्षा खात्रीची आहे. बुंध्याजवळचा बोटभर लांबीचा तुकडा कापून दोऱ्याने बांधावा आणि काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ, स्थिर पाण्यात त्याचे खालचे टोक जेमतेम बुडेल असा लोंबता सोडावा. ग्लासमागे काळा कागद धरावा. जिवाणूची मर असेल तर काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ, तलम धागे निघून सरळ खाली उतरू लागतात. त्या प्रत्येक धाग्यात असंख्य जिवाणू आणि त्यांचा चिकट स्राव असतो. जलवाहिन्या बुजवतो तो हाच. धागे निघाले नाहीत आणि खोड तपकिरी असेल तर संशय बुरशीकडे जातो. प्रयोगशाळेच्या अहवालाची जागा हा ग्लास घेत नाही, पण शेताच्या बांधावर त्या क्षणी घ्यायच्या निर्णयाला तो पुरेसा आहे.

या जिवाणूबद्दल थोडे जास्त सांगायला हवे, कारण चुकीच्या निदानाची सर्वांत मोठी किंमत त्याच्या बाबतीत मोजावी लागते. अमेरिकेच्या कृषी खात्यातले अर्विन स्मिथ यांनी 1896 मध्ये टोमॅटो, वांगे आणि बटाटा यांच्यावरच्या या रोगाचे वर्णन केले. झाडांना जिवाणूंमुळेही रोग होतात हेच तेव्हा अनेकांना पटत नव्हते. आज त्याला राल्स्टोनिया म्हणतात. दोनशेहून अधिक जातींच्या वनस्पतींवर तो जगतो: मिरची, आले, भुईमूग, काही केळी, शिवाय बांधावरचे रान. मुळांना झालेल्या बारीक जखमांतून तो आत शिरतो. उष्ण, ओली आणि आम्लधर्मी जमीन त्याला मानवते. साहजिकच कोकण आणि गोव्यातल्या जांभ्याच्या जमिनीत टोमॅटो आणि वांगी यांचा हा मोठा शत्रू ठरला आहे. तो पाण्याबरोबर वाहतो, खुरप्याला चिकटून एका वाफ्यातून दुसऱ्यात जातो, रोगट मातीतल्या रोपांबरोबर नव्या गावात पोचतो. अशा झाडाला सोडलेले जादा पाणी त्याला तर वाचवत नाहीच, उलट मुळांतून बाहेर पडणारे जिवाणू त्याच पाण्याबरोबर सरीतल्या पुढच्या झाडाकडे जातात. वरवर दयेची वाटणारी ती कृती प्रत्यक्षात रोगाची वाहतूक असते.

यावर शेतकरी जो आक्षेप घेतो तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो म्हणतो, एकरभर पिकात भांडवल अडकले आहे, बाजार चढा आहे, झाडागणिक चिरत बसायला सवड कोणाला? त्यापेक्षा बुरशीनाशक आणि जिवाणूनाशक एकत्र करून सगळ्या प्लॉटला आळवणी केली तर जे असेल ते मरेल. अडचण अशी की तसे होत नाही. बुरशीनाशकाने जिवाणू मरत नाहीत. जिवाणूंवर म्हणून वापरले जाणारे स्ट्रेप्टोमायसिनसारखे प्रतिजैविक आळवणीतून दिले तर ते बुजलेल्या जलवाहिन्यांत पुरेसे पोचत नाही, मातीत खोलवर असलेल्या साठ्याला धक्का लावत नाही, आणि माणसाच्या औषधांना दाद न देणारे जिवाणू तयार होण्याला मात्र हातभार लावते. याच कारणासाठी केंद्र सरकारने 2021 मध्ये शेतीतल्या त्याच्या वापरावर बंदी आणण्याचा मसुदा काढला. पाणी साचून झाडे झुकली असतील तर आळवणी म्हणजे गुदमरलेल्या मुळांवर आणखी पाणी. आणि चिरायचे असते एक किंवा दोन झाडे, तीही मरणारीच. एका आळवणीला जेवढी औषधे, मजुरी आणि वेळ जातो त्याच्या मानाने हा खर्च नगण्य आहे. घाई आहे म्हणूनच निदान आधी करायला हवे, कारण चुकीच्या इलाजात गेलेला आठवडा परत मिळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त सूक्ष्म आहे: एका लक्षणामागे एकच कारण असते हे गृहीतक तरी कुठे बरोबर आहे? हा आक्षेप मला मान्य आहे. मुळे धुऊन पाहिली आणि त्यांवर मण्यांच्या माळेसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी आहेत. त्या एकट्या असल्या तर झाड खुरटते आणि दुपारी थोडे मलूल होते, पण एकाएकी सहसा मरत नाही. मात्र मुळांना त्यांनी पाडलेली भोके बुरशीला आणि जिवाणूला दारासारखी उघडी मिळतात, म्हणून गाठी आणि मर पुष्कळदा एकत्र दिसतात. साचलेले पाणी आणि मूळकूज यांचीही अशीच जोडी असते. शेंडा तांबूस-काळा पडत जाऊन झाड झुकत असेल तर फुलकिड्यांनी आणलेला विषाणू असू शकतो, आणि त्याच झाडाच्या मुळांवर गाठीही असू शकतात. म्हणून एक खूण सापडली की थांबू नये. बुंधा, खोड आणि मुळे तिन्ही पाहूनच उठावे. अनेक कारणे असू शकतात म्हणून निदान सोडून द्यावे असा निष्कर्ष यातून निघत नाही. उलट, त्यांतले आज हाताळता येण्याजोगे कोणते आणि पुढच्या हंगामासाठी नोंदवून ठेवायचे कोणते, हे ठरवता येते. शंका उरलीच तर नुकतेच झुकलेले झाड मुळासकट आणि मातीसकट पिशवीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्यावे; नुसते पान नेले तर तिथल्या तज्ज्ञालाही काही सांगता येत नाही.

मग झाड वाचते का? कोरडेपणा, क्षार, उष्णता आणि वेळीच निचरा केलेले पाणी यांतून वाचते, आणि चांगले वाचते. सूत्रकृमी असलेल्या झाडाला कुजलेले शेणखत, आच्छादन आणि नियमित पाणी देऊन हंगामाच्या शेवटापर्यंत नेता येते. टोमॅटोला निसर्गाने एक देणगी दिली आहे: त्याच्या खोडाला कुठूनही मुळे फुटू शकतात. मूळ कुजले पण खोड आतून स्वच्छ आहे अशा झाडाचा निरोगी शेंडा वीतभर कापून, खालची पाने काढून, ओल्या स्वच्छ कोकोपीटमध्ये सावलीत लावला तर आठ-दहा दिवसांत त्याला मुळे फुटतात. परसबागेत आवडत्या वाणाचे एकच झाड असेल तर हा मार्ग जरूर करून पाहावा. खोड चिरल्यावर आत तपकिरी रेघा दिसल्या तर मात्र हे करू नये. तो शेंडा रोग बरोबर घेऊनच नव्या कुंडीत जातो. जलवाहिन्यांत रोग शिरलेल्या झाडाला परत उभे करणारे औषध आज उपलब्ध नाही. ट्रायकोडर्मासारखी जैविक बुरशी लागवडीच्या वेळी शेणखतातून दिली तर बुरशीजन्य मर कमी करायला मदत करते, पण झुकलेल्या झाडाच्या बुंध्याशी ती ओतून उपयोग नाही. ग्लासात दुधाळ धागे दिसले की ते झाड त्याच दिवशी काढायचे, फळे लटकलेली असली तरी. ही गोष्ट जिवावर येते हे खरे. पण ती अर्धी कच्ची फळे पिकण्याची वाट पाहण्याच्या मोबदल्यात शेजारची पाच झाडे द्यावी लागतात. काढलेले झाड बांधावर किंवा उकिरड्यावर न टाकता वाळवून जाळावे, खुरपे आणि कात्री निर्जंतुक करावी, आणि त्या ओळीतले काम इतर सगळ्या ओळी झाल्यावर शेवटी करावे.

कुंडीवाल्यांचा प्रश्न येथे वेगळा वळतो. एक झाड गेले तर दुसरे रोप आणू, एवढी उस्तवार कशाला, असे त्यांना वाटते. पण कुंडीतली माती तीच राहते, आणि बहुतेक जण ती दुसऱ्या कुंडीतल्या मातीत मिसळतात. मर रोगाची माती टोमॅटो, वांगी, मिरची यांना पुन्हा वापरू नये. तिच्यात मका, कांदा किंवा लसूण लावता येतो. शेतातही हाच नियम लागू आहे, फक्त त्याचे परिणाम मोठे. टोमॅटोनंतर मिरची आणि मिरचीनंतर वांगी याला फेरपालट म्हणता येत नाही. तिन्ही एकाच कुळातली आहेत. ज्वारी, मका किंवा कोकणात भात असा बिवड तीन-चार हंगाम मिळाला तर रोगाचा साठा घटतो, पूर्ण नाहीसा होत नाही. इस्रायलमध्ये याकोव्ह कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये दाखवलेली रीत आपल्या उन्हाळ्याला चपखल बसते: एप्रिल-मेमध्ये जमीन ओलवून पारदर्शक प्लॅस्टिक कागदाने चार ते सहा आठवडे झाकून ठेवायची, म्हणजे वरच्या थरातल्या बुरशी आणि सूत्रकृमी उष्णतेने बऱ्याच मरतात. रोपवाटिकेच्या वाफ्यासाठी आणि कुंडीच्या मातीसाठी ही रीत सर्वांत स्वस्त आहे.

वाणाची निवड हा पुढच्या हंगामाचा खरा निर्णय, आणि तो निदानाशिवाय घेताच येत नाही. बियाण्याच्या पाकिटावर 'एफ', 'व्ही', 'एन' अशी अक्षरे असतात, म्हणजे अनुक्रमे फ्युजारियम बुरशी, मर आणणारी दुसरी बुरशी व्हर्टिसिलियम आणि सूत्रकृमी यांना तो वाण दाद देत नाही. तुमच्या शेतात जिवाणूची मर असेल तर या तिन्ही अक्षरांचा उपयोग शून्य. तिथे बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक यासारखा जिवाणू-मर सहन करणारा वाण हवा. सूत्रकृमींना रोखणारे जनुक पेरू देशातल्या रानटी टोमॅटोकडून आले आहे, आणि जमिनीचे तापमान साधारण 28 अंशांच्या वर गेले की ते ढिले पडते, त्यामुळे उन्हाळी लागवडीत त्याच्या भरवशावर राहू नये. जिथे जिवाणूने जमीन धरली आहे तिथे वांग्याच्या खुंटावर कलम केलेली टोमॅटोची रोपे हा आज सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने निवडलेली वांग्याची खुंटे मर रोगाला आणि काही दिवस साचलेल्या पाण्यालाही दाद देत नाहीत. आपल्याकडे वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेने अशा कलमांवर मोठे काम केले आहे. अशी रोपे महाग पडतात, म्हणून रोग नक्की जिवाणूचाच आहे हे कळल्याशिवाय हा खर्च करू नये. लावताना कलमाचा सांधा मातीच्या किमान दोन बोटे वर राहील एवढे पाहावे, आणि नंतर भर लावताना तो झाकला जाऊ देऊ नये. सांधा मातीत गेला की टोमॅटोच्या खोडाला स्वतःची मुळे फुटतात आणि जिवाणू त्या मुळांतून सरळ वर जातो.